चार हळूहळू खाली उतरतो

कोपरखैरण्यात दुपारी जेवणं उरकल्यावर एक अशी वेळ येते, की सगळ्या गल्लीचेच डोळे जड होतात. नळ गेलेला असतो, भांडी पालथी पडलेली असतात, समोरच्या गच्चीवरच्या चादरी वारा नसतानाही हलल्यासारख्या वाटतात. ही माझी ऑफिसची वेळ. ऑफिस म्हणजे खिडकीजवळचं टेबल, त्यावर लॅपटॉप आणि शेजारी अर्धी निवडलेली मेथी. मी घरी बसून काम करते, असं मी सगळ्यांना सांगते. आमचे हे म्हणतात, त्यातलं बसणं त्यांनी पाहिलंय.

काम असं, की बेलापूरची एक छोटी कंपनी मराठी शाळांच्या गणिताचे धडे वेबसाइटवर चढवते आणि त्या धड्यांची पानं मी जुळवून देते. गणिताशी माझा संबंध तेवढाच. त्याआधी कित्येक वर्षं मी वाशीला छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवत होते. पुढे पत्रिका फोनवरच जायला लागल्या, दुकानाच्या जागी मोमोवाला आला, आणि मला मराठी टायपिंग येतं एवढ्यावर या कंपनीनं घेतलं. मुलाखतीत मॅडमनी विचारलं होतं, गणित येतं का. मी म्हटलं, टाइप करता येतं. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

बेरजा झाल्या, वजाबाक्या झाल्या, गुणाकारही कसेबसे बसले. मग भागाकार आला.

भागाकार कागदावर लिहिताना आपल्याला कळतही नाही, की आपण केवढी कसरत करतो. बेरीज एका रांगेत खाली येते, उभी राहते, खाली रेघ मारली की संपलं. भागाकार तसा नाही. तो जिना उतरल्यासारखा एकेक पायरी उजवीकडे सरकत खाली जातो. प्रत्येक आकडा बरोबर आपल्या वरच्याच्या खाली यायला हवा, नाहीतर सगळं घरच कलतं. पेन हातात असला की हात ते आपोआप करतो. पानाला हात नसतो. त्याला सगळं सांगावं लागतं.

मी काय सांगितलं असेल? लग्नपत्रिकेत सगळं मधोमध असतं. वर कुलदैवत, मग वर, मग वधू, मग मुहूर्त, सगळ्यात खाली आपले नम्र. इतकी वर्षं तेच केल्यामुळे माझं बोट झोपेतसुद्धा मधोमध करायच्या बटणावर जातं. मी भागाकारही मधोमध बसवला. वर बाराशे चोवीस, खाली बारा, त्याखाली चोवीस, शेवटी बाकी शून्य, सगळं कसं नेटकं आणि मंगल. मॅडमचा फोन आला. "ताई, हा भागाकार आहे की आमंत्रण?"

मग मी माझं दुसरं जुनं हत्यार काढलं, स्पेसबार. जिथं आकडा सरकवायचा तिथं टकटक जागा सोडत गेले. माझ्या पडद्यावर सुंदर दिसलं. पण वेबच्या पानाची एक खोड मला माहीत नव्हती. तुम्ही ओळीनं कितीही रिकाम्या जागा सोडा, ब्राउझर त्यातली फार तर एक ठेवतो आणि बाकीच्या गिळून टाकतो. आणि त्या ओळीच्या सुरुवातीला असल्या, तर तीही ठेवत नाही. त्याच्या लेखी रिकामं ते रिकामं. पान उघडलं तर सगळे आकडे थंडीत कुडकुडणाऱ्या पोरांसारखे डाव्या भिंतीला चिकटून उभे. जिना गेला कुठच्या कुठं.

मॅडम वैतागल्या नाहीत, त्यांचा स्वभाव चांगला. त्यांनी एक तयार कोड पाठवला. त्यात सगळं आपोआप बसत होतं, फक्त उत्तर वर होतं. भाज्याच्या डोक्यावर एक आडवी रेघ, छपरासारखी, आणि उत्तर त्या छपरावर. आता सगळीकडे असंच असतं म्हणाल्या. असेल. पण आमच्या शाळेत बारा डावीकडे, मग कंस, मग बाराशे चोवीस, मग उलटा कंस आणि त्याच्या उजवीकडे उत्तर असायचं. आमचं उत्तर अंगणात उभं असायचं. हे माळ्यावर चढवून ठेवल्यासारखं वाटलं.

मी मॅडमना म्हटलं, मला थोडे दिवस द्या, मी जुन्या पद्धतीचं एक पान करून बघते. कारण सांगितलं नाही. कारण वन्सं होत्या.

वन्सं म्हणजे माझी नणंद, यांची धाकटी बहीण. वयानं माझ्यापेक्षा थोडी लहानच, पण आमच्याकडे नणंदेला अहोजाहो करतात. आम्ही सगळे मूळचे साताऱ्याकडचे. वन्संचे मालक कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत आणि त्यांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. वन्सं बोनकोड्यातल्या एका बालवाडीत मदतनीस. ही बालवाडी गावातल्या महिला मंडळाची. पोरांचे हात धुणं, खिचडी वाढणं, चड्डी ओली केली की बदलणं ही वन्संची कामं. प्रत्यक्षात गाणी आणि गोष्टीही त्याच सांगत, कारण बाईंचा घसा सारखा बसलेला. पोरं बाईंच्या नाही, वन्संच्या पदराला लोंबकळत.

या बाई पुढच्या जूनमध्ये काम सोडणार होत्या. मंडळाच्या अध्यक्षीणबाई बोनकोड्याच्याच, तीन इमारतींच्या मालकीण आणि तोंडानं फटकळ. त्यांनी वन्संना सरळ सांगितलं, "तू दहावी हो गो, मंग बालवाडी तुजीच हाय. नायतर बाहेरशी बाई आनाला लागल."

वन्संची शाळा नववीत सुटलेली. सतरा नंबरचा फॉर्म भरला की बाहेरून दहावीला बसता येतं, हे त्यांना माहीत होतं. गणपती उठले की थोड्याच दिवसांत फॉर्मची मुदत संपणार होती. मराठी, इतिहास, भूगोल यांची त्यांना भीती नव्हती. घोडं अडलं होतं भागाकारात. चौथीत त्यांना कावीळ झाली. बरी होऊन ही मुलगी शाळेत गेली, तर वर्ग भागाकार संपवून अपूर्णांकांवर गेला होता. पुढची सगळी वर्षं त्यांनी शेजारणीच्या वहीवर काढली. आता शेजारीण कुठून आणणार? त्यांचा एकच हट्ट होता. "भागाकार आला तर फॉर्म भरीन. न्हाई आला तर हा विषय पुन्हा काढायचा न्हाई, वैनी. तुमी बी न्हाई."

क्लासला जाऊन पोरांच्यात बसायची त्यांना लाज वाटायची. वहीत गणितं केली तर घरात दिसणार. मात्र फोनवर काही बघत बसलं तर कुणाला संशय येत नाही, लोकांना वाटतं बाई रील बघतेय. रील बघणारी बाई म्हणून बदनाम व्हायला त्या तयार होत्या, गणित करणारी म्हणून नव्हत्या. म्हणून मी ते पान करायला घेतलं. कंपनीच्या नावानं, पण वन्संसाठी.

भाबडेपणा बघा, मला वाटलं होतं अडचण आकडे सरळ बसवण्याची आहे. ते बसले की वन्संना भागाकार येईल.

न गिळली जाणारी एक वेगळी जागा असते, ती मला तोवर सापडली होती. ती वापरून मी जिना उभा केला. बाराशे चोवीस भागिले बारा हे गणित मुद्दाम घेतलं, कारण वन्सं त्यातच अडकत. त्यांचं उत्तर दर वेळी बारा यायचं. मी म्हणायची, एकशे दोन. त्या म्हणायच्या, मधलं शून्य आलं कुठनं? मी म्हणायची, भाग जात नाही म्हणून. त्या मान हलवायच्या आणि पुन्हा बारा लिहायच्या. माझ्या शिकवण्यात काही कमी असेल, असा विचार माझ्या मनात आला नाही. तो माझा स्वभाव नाही.

आकड्यांमध्ये थोडी हवा राहावी म्हणून मी पहिल्या ओळीत १ २ २ ४ असे, मध्ये साधीच जागा सोडून, सुटे सुटे लिहिले होते आणि खालच्या पायऱ्या वन्संना भरायला कोऱ्या ठेवल्या होत्या. वन्सं बालवाडी सुटल्यावर आल्या, पायरीवर चप्पल काढली, पंख्याखाली टेकल्या. मी त्यांच्या फोनवर पान उघडून दिलं आणि मेथीकडे वळले. बाहेर ऊन आणि ढग यांचं चाललं होतं, खोली मध्येच पिवळी, मध्येच निळी होत होती.

थोड्या वेळानं वन्सं म्हणाल्या, "पहिली पायरी तुमीच करून दिली की."

मी म्हटलं, मी काही करून दिलेलं नाही.

"दिली की. बारा एके बारा. मग चोवीस खाली घेतलं. बारा दुणे चोवीस. झालं, बारा."

मी फोन हातात घेतला. चाळिशी लागल्यापासून वन्संनी फोनवरची अक्षरं एवढी मोठी करून ठेवली होती, की साध्या शुभ सकाळला दोन पडदे लागत. माझी ओळ त्यात मावली नव्हती. न मावणारी ओळ ब्राउझर तोडतो आणि उरलेलं खाली ढकलतो. १ २ वर राहिले होते, आणि २ ४ दोघंही खालच्या ओळीत येऊन बरोबर त्यांच्या पायाशी उभे होते.

चूक माझीच, पण मी तिच्याकडे बघतच राहिले. झोप आणि जाग यांच्या मध्ये कधी कधी घरातली नेहमीची वस्तू वेगळीच दिसते, तसं झालं. वन्संच्या डोक्यात इतकी वर्षं जे होत होतं, ते मला त्या पडद्यावर पहिल्यांदा दिसलं. त्यांच्याकडे आकडे एकेक करून खाली येतच नव्हते. दोन आणि चार हात धरून एकदमच उतरत होते. मग दोनजवळ थांबायचा प्रश्नच कुठं होता? थांबायचं नाही, तर शून्य लिहायचं कुठं?

मी विचारलं, दोघं एकदम का उतरले?

"एका रिक्षातनं आल्यावर एकदमच उतरणार की," वन्सं म्हणाल्या. "एकाला उतरवून दुसऱ्याला काय आत कोंडून ठिवायचं?"

"हो," मी म्हटलं. "कोंडूनच ठेवायचं. आधी एकालाच दारात घ्यायचं. मग बघायचं, ह्याला बाराचा भाग देता येतो का. देता येत नसेल, तर तसं लिहून ठेवायचं. मगच दुसऱ्याला हाक मारायची."

"देता येत न्हाई, हे लिहायचं?"

"ते लिहायचं म्हणजेच शून्य."

वन्सं हसल्या. म्हणाल्या, दारात आलेल्याला काही मिळालं नाही, आणि वर ते लिहून ठेवायचं, ही कुठली रीत. आमच्यात असं झालं तर गपचूप मागच्या दारानं शेजारणीकडून साखर आणतात. पण त्या दिवशी त्यांनी विषय बंद केला नाही, एवढं मी बघितलं.

पुढचे काही दिवस मी ते पान मोडून पुन्हा बांधलं. आता प्रत्येक आकड्याला वेगळा खण दिला, तुळशीबागेत मसाल्याचे डबे मिळतात तसा. खणातला आकडा पळत नाही, अक्षरं कितीही मोठी करा. मग त्याला चालायला शिकवलं. फोनवर बोट टेकवलं की वरचा एकच आकडा सुटून सावकाश खाली यायचा आणि आपल्या खणात उभा राहायचा. त्यानंतर पान गप्प. उजवीकडे, कंसापलीकडे, अंगणात एक रिकामा चौकोन लुकलुकायचा. त्यात बरोबर आकडा लिहिल्याशिवाय पुढचा आकडा हलणार नाही, असं मी पानाला बजावलं होतं.

आकडा खाली यायला किती वेळ लागावा, हे सेकंदाच्या हजाराव्या भागात लिहायचं असतं. मी सहाशे लिहायच्या ऐवजी सहा हजार लिहिलं. वन्संनी गाळलेलं शून्य माझ्याकडे जास्तीचं निघालं म्हणायचं. त्यामुळे आकडा इतका हळू उतरायला लागला, की बघताना माणसाला आपलं वजन कमी झाल्यासारखं वाटावं. खाडीकडे भरतीचं पाणी साठवायला केलेल्या धारण तलावावर बगळे येतात ना, पाण्याजवळ आल्यावर पंख न हलवता नुसते हवेत टांगल्यासारखे, तसा. दोन यायचा मान वळवून, मागं कुणी राहिलं का बघत. चार यायचा दोन्ही हात वर करून, जिन्यावरून कुणी उचलून खाली ठेवतंय अशा बेतानं. मला चूक कळली तरी मी ती दुरुस्त केली नाही. दुपारभर मी बोट टेकवत बसायची आणि आकडे उतरत राहायचे. यांनी एकदा मागून पाहिलं आणि विचारलं, यासाठी कंपनी पैसे देते?

कंपनी देणार नव्हती, हे पुढं कळलंच. मॅडमनी पान पाहिलं, कौतुक केलं आणि छपरावरच्या उत्तराचा तयार कोडच वापरायचं ठरवलं. त्यांचंही बरोबर होतं, शेकडो गणितं चढवायची होती. माझं पान मात्र त्यांनी पुसलं नाही. ते आता आम्ही दोघीच उघडतो, मी आणि वन्सं.

गणपती उठले. फॉर्मची मुदत जवळ आली. वन्सं त्या दुपारी आल्या त्याच मुळी तोंड बारीक करून. येताना अध्यक्षीणबाई भेटल्या होत्या. त्यांच्या भावजयीची कुणी भाची होती, बीए झालेली, तिला बालवाडी द्या म्हणून घरातून दबाव होता. तुझं काय ते लवकर सांग, म्हणाल्या होत्या. वन्सं पंख्याखाली बसल्या आणि म्हणाल्या, आज शेवटचं बघू. आज न्हाई तर न्हाई.

मी पान उघडून दिलं. तेच गणित. बारा डावीकडे, बाराशे चोवीस मध्ये, अंगण मोकळं.

त्यांनी अंगणात एक लिहिला. बारा एके बारा, बाकी काही नाही. बोट टेकवलं. दोन निघाला. आम्ही दोघी बघत होतो. तो खाली येईपर्यंत गल्लीतला भंगारवाला आमच्या दारावरून जाऊन कोपऱ्यावर वळला. दोन खणात उभा राहिला आणि चौकोन लुकलुकू लागला.

वन्संनी पुन्हा बोट टेकवलं, चारला बोलवायला. चार जागचा हलला नाही. पुन्हा टेकवलं.

"बंद पडला," त्या म्हणाल्या.

"बंद नाही. वाट बघतोय."

त्यांनी एक लिहून बघितला. पानानं तो घेतला नाही. खाली दोनच होता, त्यातून बारा कुठून जाणार. त्यांनी दोन लिहून बघितला. तोही घेतला नाही. मग त्यांनी फोन मांडीवर ठेवला. मला सांगायची इतकी उबळ आली होती, की मी मेथीच्या काड्या पानांत आणि पानं काड्यांत टाकत सुटले. ऊन गेलं, खोली निळी झाली. वन्सं त्या दोनकडे बघत होत्या, बालवाडीत एखाद्या नव्या पोराला न्यायला कुणी आलं नाही की बघतात तसं. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "ह्याला द्यायला काय न्हाई. पण ह्यो येऊन गेला, ते तरी लिवाय पायजे. न्हाईतर पुढच्याला वाटंल, त्योच पयला आला."

आणि त्यांनी शून्य लिहिलं.

चार सुटला. दोन्ही हात वर करून, सावकाश. तो निम्म्यात आला तोवरच वन्संनी पदराच्या टोकानं डोळ्यांच्या कडा टिपल्या. तो दोनशेजारी येऊन टेकला, चोवीस झाले, बारा दुणे चोवीस. अंगणात एकशे दोन उभे होते.

मला वाटलं आता आनंद होईल, चहा होईल. वन्संनी भुवया जवळ आणल्या आणि म्हणाल्या, हे सोपं होतं, पाठ झालेलं. ज्याच्यात दोघं जण लागोपाठ काही न घेता जातात असं एखादं द्या. मी गडबडले. असं गणित बनवायचं तर मला आधी ते उलटं करून गुणाकार करावा लागला, तोही चुकला. वन्संनीच दुरुस्त केला. बारा हजार चोवीसला बारानं भागायचं. त्यांनी ते फोनवर केलंच नाही. माझ्या मेथीखालचा वर्तमानपत्राचा कागद ओढला आणि जाहिरातीच्या कडेला पेनानं केलं. एक, शून्य, शून्य, दोन. आकडे वाकडेतिकडे होते, पण प्रत्येक जण आपल्या वरच्याच्या खाली उभा होता. कागदावर, सगळ्यांना दिसेल असं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बालवाडीतून अर्धी रजा काढली, चांगली साडी नेसल्या आणि ज्या शाळेत सतरा नंबरचे फॉर्म घेतात तिथं गेल्या. मला बरोबर नेलं नाही. मी फोन टेबलावर ठेवून दिवसभर पानं जुळवत होते, म्हणजे फोनकडे बघत होते. दुपार कलली तेव्हा त्यांचा फोन आला.

"भरला," वन्सं म्हणाल्या. "अध्यक्षीणबाईंना पण सांगून आले." मागं रिक्षांचे हॉर्न वाजत होते. मी काहीतरी छान बोलायच्या तयारीत होते, पण त्यांना घाई होती. "आणि वैनी, तुमच्या पानावर ते आकडं लय हळू उतरत्यात. मला रोज धा-बारा गणितं करायची हायत. जरा लवकर उतरवा की."

मी लॅपटॉप उघडला, सहा हजारातलं एक शून्य पुसलं. आता चार झटकन खाली येतो. तरी तो पोचेपर्यंत वन्संनी पुढचा आकडा मनात काढलेलाच असतो.